भूत सुनेच्याच अंगात का येतं?
राम गोपाल वर्मांच्या 'भूत' (2003) सिनेमात मानसोपचारतज्ज्ञ हरतो, मांत्रिक बाई जिंकते. यवतमाळच्या वस्त्यांत हाच प्रवेश आम्ही पडद्याबाहेर पाहतो. इथं भूत सुनेलाच धरतं, सासऱ्याला नाही!

20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे वर्षानुवर्षं अडकलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला. डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद भूत उतरवण्याची: दोरानं बांधून मारणं, मिरचीची धुरी, चपला भिजवलेलं पाणी पाजणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

आणि आपण? 1956 ला नागपुरात 22 प्रतिज्ञा घेतलेल्यांची नातवंडं सकाळी विहारात वंदना म्हणतात, अमावस्येला लिंबू उतरवून टाकतात. सुनेला दवाखान्यात न्यायचं मात्र कुणाला सुचत नाही.