परिचारिकेचा अभ्यास

शुश्रूषा ही स्त्रीला उपजतच येते, तिचें निराळें शिक्षण तें काय द्यावयाचें, अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांतही सर्रास होती. इस्पितळांत रोग्यांची उस्तवार करणाऱ्या बायका बहुधा मोलकरणींच्या वर्गांतल्या असत, आणि जें कांहीं शिकत तें काम करतां करतांच शिकत. क्रिमियाच्या युद्धांतील फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कार्याबद्दल कृतज्ञता म्हणून जनतेनें १८५५ सालीं एक निधि उभारण्यास आरंभ केला. त्यांत सुमारें ४५,००० पौंड जमले, आणि त्यांतूनच ९ जुलै १८६० रोजीं लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत परिचारिकांचें विद्यालय सुरू झालें. पहिल्या तुकडींत पंधरा उमेदवार मुली होत्या.

शिक्षणाची मुदत एका वर्षाची होती. राहणें, जेवण व गणवेश विद्यालयाकडून मिळे आणि वर वर्षाला १० पौंड मिळत. मेट्रन मिसेस वॉर्ड्रोपर दरमहा प्रत्येकीचें प्रगतिपत्रक भरीत. वक्तशीरपणा, शांत वृत्ति, विश्वासूपणा व टापटीप यांची नोंद त्यांत असे. तसेंच जखमा बांधणें, शेक देणें, जळवा लावणें, रोग्याचें अंथरूण बदलणें, पेज शिजविणें या कामांचीही असे. सर्वांत अवघड कलम मात्र निरीक्षणाचें होतें. नाडी, त्वचा, भूक, झोंप, कफ आणि जखमेचें स्वरूप यांत पडलेला फरक ओळखून तो डॉक्टरांस नेमक्या शब्दांत सांगतां आला पाहिजे, अशी अपेक्षा होती. त्यासाठीं रोग्यांचीं टिपणें व रोजनिशी लिहावी लागे.

अडचण आली ती येथेंच. या मुली शिकण्यासाठीं आल्या होत्या खऱ्या, पण वॉर्डांतील कामाचा भारही त्यांच्याच खांद्यांवर होता. दिवसभर उभ्यानें राबून रात्रीं वही उघडावयाची, आणि कित्येकींचें शालेय शिक्षण तर बेताचेंच! १८७२ च्या सुमारास नाइटिंगेलबाईंनीं चौकशी केली, तेव्हां ठरलेलीं व्याख्यानेंही नियमानें होत नाहींत असें आढळून आलें. पुढें शल्यवैद्य जॉन क्रॉफ्ट यांनीं पद्धतशीर व्याख्यानमाला सुरू केली, आणि १८७५ पासून मेरी क्रॉसलंड या ‘होम सिस्टर’ उमेदवारांचा अभ्यास वसतिगृहांत करवून घेऊं लागल्या. शिकविलेलें समजलें कीं नाहीं हें पाहणारें कोणी तरी असावें लागतें, ही गोष्ट विद्यालयाला उमगण्यास पंधरा वर्षें लागलीं.

तरीही थकव्याचा प्रश्न सुटला नव्हता. त्याचें उत्तर याच विद्यालयाच्या एका विद्यार्थिनीनें शोधलें. रिबेका स्ट्राँग ही तरुण विधवा, एका मुलीची आई, १८६७ सालीं तेथें दाखल झाली होती. पुढें ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीची मेट्रन असतांना शल्यवैद्य विल्यम मॅक्युएन यांच्या साह्यानें तिनें १८९३ सालीं नवी योजना अंमलांत आणली. उमेदवारांनीं आधीं सेंट मंगोज कॉलेजांत स्वतःच्या खर्चानें शारीर, इंद्रियविज्ञान व आरोग्यशास्त्र शिकावें, परीक्षा द्यावी आणि मगच वॉर्डांत पाऊल टाकावें, अशी ती योजना होती. १८९५ सालीं लंडन हॉस्पिटलच्या मेट्रन ईव्हा ल्यूकस यांनींही ट्रेडेगर हाउस येथें असेंच प्राथमिक विद्यालय काढलें.

याच सुमारास दुसरा वाद पेटला होता. तीन वर्षांचें शिक्षण, ठराविक परीक्षा आणि सरकारी पटावर नांव, अशी मिसेस बेडफर्ड-फेनविक यांची मागणी होती. १८८७ सालीं स्थापन झालेली ब्रिटिश नर्सेस असोसिएशन त्यासाठीं झगडत होती. नाइटिंगेलबाईंचा मात्र तिला ठाम विरोध होता. परीक्षेनें पुस्तकी ज्ञान मोजतां येईल, पण सचोटी, दक्षता व रोग्याविषयींची आस्था कशी मोजणार, असें त्यांचें म्हणणें होतें. १९१० सालीं त्या वारल्या. नोंदणीचा कायदा १९१९ च्या डिसेंबरांत झाला, आणि पहिली सरकारी परीक्षा १९२५ सालीं घेण्यांत आली. हिंदुस्थानांत दिल्ली व वेल्लोर येथें परिचर्येचा पदवी-अभ्यासक्रम १९४६ सालीं सुरू झाला.

तथ्य दोन्ही पक्षांत होतें. हृदयाचें कार्य ठाऊक नसलेली परिचारिका नाडीचा आंकडा सांगेल, पण त्यांतला धोका तिला कळणार नाहीं. उलट, परीक्षेंत पहिली आलेली विद्यार्थिनी जर रात्रीं तीन वाजतां रोग्याजवळ जाण्यास कंटाळली, तर तिचें ज्ञान रोग्याच्या काय कामाचें? म्हणून परिचारिकेच्या शिक्षणांतून ग्रंथ वगळतां येत नाहीं आणि वॉर्डही वगळतां येत नाहीं. मात्र दोहोंचा भार एकाच थकलेल्या मुलीवर एकाच दिवशीं टाकावयाचा नसतो. तिच्या अभ्यासाला हक्काचा वेळ द्यावा लागतो, आणि तो देणें हें इस्पितळाचें कर्तव्य आहे.