दगडातील रिकामी जागा

उत्तर युरोपातील मध्ययुगीन महामंदिरे पाहताना आपली नजर त्यांच्या उत्तुंग मनोऱ्यांवर खिळते. ती उभारणाऱ्या पाथरवटांची आणि गवंड्यांची नजर मात्र दगडात मुरणाऱ्या पाण्यावर असे. ऊनवारा वर्षानुवर्षे सोसणारा दगड एखाद्या कडक हिवाळ्यात फुटतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. दगड, वीट आणि चुना यांत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. ती पाण्याने जवळजवळ भरलेली असतील, तर बर्फाला पसरायला जागा उरत नाही. रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे असे चक्र सुरू झाले, की आधी केसाएवढी चीर पडते, मग खपली निघते आणि अखेरीस कोरीव मूर्तीचा चेहराच झडून जातो. शिवाय बर्फाचा स्फटिक आसपासचे पाणी स्वतःकडे खेचून घेत वाढतो. अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी गोठणाऱ्या मातीवर प्रयोग करून १९३० च्या सुमारास हे दाखवून दिले.

यावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे धीर. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअस सांगतो, की दगड बांधकामाच्या दोन वर्षे आधी, उन्हाळ्यात, खाणीतून काढावा आणि उघड्यावर पडू द्यावा. जो खराब होईल तो पायात घालावा. जो टिकेल तो जमिनीवरच्या बांधकामाला वापरावा. मध्ययुगीन गवंडीही हिवाळा तोंडावर आला की काम थांबवीत आणि अर्धवट भिंतींचे माथे पेंढ्याने व शेणखताने झाकून ठेवीत. सांध्यांतला ओला चुना घट्ट होण्यापूर्वी गोठला, तर भिंतीचा भरवसा राहत नसे.

एकोणिसाव्या शतकाला एवढी सवड नव्हती. फ्रान्समधील खनिजतज्ज्ञ सिप्रियाँ-प्रॉस्पेर ब्रार यांनी एक युक्ती काढली. दगडाचा तुकडा सोडियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणात उकळून टांगून ठेवायचा. छिद्रांत क्षाराचे स्फटिक वाढतात आणि बर्फाप्रमाणेच दगडाला आतून ढकलतात. गळून पडलेला चुरा पाहून दगडाची पारख होई. ही पद्धत १८२८ मध्ये एरिकार द त्युरी यांनी प्रसिद्ध केली. दोन हिवाळ्यांचे काम काही दिवसांत होऊ लागले.

आपल्या वसईच्या किनाऱ्यावर हिम पडत नाही. पण खाऱ्या हवेने भिंतीला लोणा धरतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात, त्यामागे क्षारस्फटिकांचे हेच बळ असते. १९६३ च्या भारतीय मानकातही खडीची कसोटी सोडियम सल्फेटच्या द्रावणात घेण्याची पद्धत दिलेली आहे.

पुढे काँक्रीट आले आणि थंड प्रदेशांतील रस्त्यांचे पृष्ठभाग सोलून निघू लागले. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील अभियंत्यांना आढळले, की रस्त्यांचे काही भाग मात्र शाबूत आहेत. शोध घेता कळले, की त्यांतील सिमेंट दळताना गुरांची चरबी मिसळली होती आणि तिच्यामुळे काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे राहिले होते. गोठताना दाबले गेलेले पाणी या पोकळ्यांत शिरते आणि ताण हलका होतो. टी. सी. पॉवर्स यांनी १९४० च्या दशकात या क्रियेची मीमांसा केली. कोणत्याही थेंबाला जवळचा बुडबुडा एक मिलिमीटरच्या पाचव्या भागाहून दूर नसावा, असा साधारण दंडक त्यातून पुढे आला. आज अशा प्रदेशांत काँक्रीटमध्ये मुद्दाम हवा मिसळतात. तिच्या प्रत्येक टक्क्यामागे काँक्रीटची ताकद साधारण ५ टक्क्यांनी घटते. अभियंते ही घट जाणूनबुजून पत्करतात, कारण तिच्या बदल्यात बांधकामाला दीर्घायुष्य लाभते.

दोन हजार वर्षांच्या या शोधाचे सार विचार करण्याजोगे आहे. ठासून भरलेले काँक्रीट कणखर दिसते, पण हिमाच्या ताणाखाली तडकते. ज्यात थोडी मोकळी जागा राखलेली असते, ते तोच ताण पोटात घेऊन उभे राहते. चार माणसांच्या घरालाही हा नियम लागू पडावा.