एकास सदतीस

कर्जतहून पुण्याकडे निघालेली गाडी पळसदरी मागे टाकते आणि बोरघाटाला लागते. इथे रूळ कुठे कुठे दर 37 मीटरला 1 मीटर उंचावतात. घाटात नोकरी केलेली माणसं या चढाला ‘एकास सदतीस’ म्हणतात. माझे वडील त्यांच्यापैकीच एक, घाटातल्या एका केबिनवर पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. पुढे मी याच भागात नववीला विज्ञान शिकवलं. ‘बल आणि गती’चा धडा आला की फळ्यावर उतरती फळी आणि लाकडी ठोकळा काढायची मला कधी गरज वाटली नाही. बोरघाट वर्गाच्या खिडकीतून दिसायचा.

1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती सपाटीवरून. देशावर जायचं तर सह्याद्री आडवा होता. ही रेल्वे बांधणाऱ्या जीआयपी कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी घाटाची वाट आखली आणि 1856 मध्ये काम सुरू झालं. सुमारे 25 किलोमीटरांत 1,831 फूट चढायचं होतं. डोंगराची उंची कुणालाच कमी करता येत नाही. वाट मात्र लांबवता येते, आणि जेवढी ती लांबते तेवढं खेचायला लागणारं बल कमी होतं. म्हणून 25 बोगदे खोदले, दऱ्यांवर कमानींचे पूल बांधले. तरीही खंडाळ्याजवळ जागा पुरेना. तिथे रिव्हर्सिंग स्टेशन काढलं: गाडी आत येऊन थांबायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि ती उलट्या दिशेने पुढचा चढ धरायची.

1861 च्या सुमारास या कामावर 40,000 हून अधिक मजूर होते. सुरुंगाच्या दारूने आणि पटकीसारख्या रोगांनी त्यांतले कितीतरी दगावले. पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, 1859 मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि व्यवस्थापकांच्या मदतीने पुरं केलं. घाट 1863 मध्ये खुला झाला. बर्कली आदल्याच वर्षी गेले होते. अ‍ॅलिसचं नाव मी मुलींना मुद्दाम सांगत असे. अभियांत्रिकीच्या इतिहासात एकोणिसाव्या शतकातल्या बायका फार भेटत नाहीत.

आता चढाचं गणित. एकास सदतीसवर 1,000 टनांची गाडी उभी असेल तर गुरुत्वाकर्षण तिला सुमारे 27 टन वजनाइतक्या बलाने खाली ओढत असतं. कोरड्या रुळावर पोलादी चाकाची पकड चाकावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकी. म्हणजे 120 टनांचं इंजिन जेमतेम 30 टनांची ओढ देईल, आणि पावसात तीही घटते. इंजिनात ताकद कितीही असो, चाकं जागीच फिरू लागली की सगळं फुकट. म्हणून चाकाखाली वाळू सोडतात आणि कर्जतला मागून बँकर, म्हणजे रेटणारी जादा इंजिनं, लावतात. बँकर मागे का? सगळी ओढ पुढूनच दिली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर साऱ्या गाडीचा ताण येतो. मागून रेटलं की तो वाटला जातो, आणि कपलिंग तुटलंच तरी मागचे डबे दरीकडे घरंगळत नाहीत.

पण माझ्या मते या घाटाची खरी विद्या उतरण्यात आहे. पोलादावर पोलाद फिरताना घर्षण फार थोडं. सपाटीवर ते वरदान ठरतं, उतारावर तेच जिवावर बेततं. ब्रेक न लावता गाडी एकास सदतीसवर एक किलोमीटर सुटली तर ती 27 मीटर खाली येते आणि घर्षण सोडून दिलं तर तिचा वेग ताशी 80 किलोमीटरच्या वर जातो. चार किलोमीटर सुटली तर दुप्पट. गाडी रिकामी की भरलेली, याने या आकड्यांत फरक पडत नाही. गॅलिलिओचा हा नियम मुलांना पटता पटत नसे. प्रत्येक वर्गात वाद व्हायचा आणि मला तो हवाच असायचा.

ब्रेक लागतात तेव्हा ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकांपाशी जळका वास येतो तो त्याचाच. ब्रेकनेही दगा दिला तर? त्यासाठी कॅच सायडिंग. मुख्य मार्गातून फुटून वर चढत जाणारा आणि तिथेच संपणारा रूळ. वडिलांच्या केबिनवर सांधा एरवी कायम सायडिंगकडेच लावलेला असे. उतरती गाडी थांबली, ती ताब्यात आहे अशी खात्री पटली, की मगच तो मुख्य मार्गाला लावायचा. रात्री, धो धो पावसात, प्रत्येक गाडीला. ताशी 40 किलोमीटरने सुटलेली गाडी सव्वासहा मीटर चढून थांबेल. 80 ने आली तर तिला 25 मीटर लागतील. वेग दुप्पट, चढ चौपट. वडील सातवी शिकलेले. हे सूत्र त्यांनी कधी वाचलं नव्हतं, पण गाडी जराशी जोरात आली तर सायडिंग पुरणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

1929 च्या सुमारास नवे बोगदे झाले आणि रिव्हर्सिंग स्टेशन गेलं. त्याच काळात विजेची इंजिनं आली. लोक त्यांना खेकडा म्हणत. उतरताना त्यांच्या मोटारी जनित्र बनत. चाकांना अडवणारं बल त्यातूनच मिळे आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाई. तोवर 65 वर्षं उताराची सारी ऊर्जा ब्रेकच्या ठोकळ्यांत जळून जात होती. आता तिचा काही भाग घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येऊ लागला.