दौलताबादचा हौद

पर्यटनाच्या इतिहासात आपली माणसे सापडतात ती ओझी वाहताना. प्रवासी म्हणून कोण नोंदवणार? म्हणूनच वर्ध्याच्या वर्गात मी १९३४ ची सहल मुद्दाम शिकवतो.

चळवळीतल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह बाबासाहेब नाशिकहून वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत निजामी मुलखातले दौलताबाद, तुघलकाची एके काळची राजधानी. रमजानचा महिना. धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी हौदावर हातपाय धुतले, आणि हौद बाटल्याची ओरड झाली! अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला अडवाल काय, असे बाबासाहेबांनी विचारताच जमाव निरुत्तर झाला. किल्ला पाहू दिला. पण पाण्याला हात लागू नये म्हणून हत्यारबंद शिपाई सोबत दिला.

आमच्या वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ सालीच खुले झाले होते. देऊळ उघडले म्हणून पाणी उघडत नाही.

बोलिव्हियातले ला पाझ हे डोंगरातले मोठे शहर, सुमारे ३,६०० मीटर उंचीवरचे. तिथल्या मुख्य चौकात १९५२ च्या क्रांतीपूर्वी आयमारा माणसाला, त्या भूमीच्या मूळ रहिवाशाला, मज्जाव असे. आज परदेशी प्रवासी त्याच चौकात कबुतरांना दाणे टाकतात.

दौलताबादला गेलेली माझी पोरे मेंढा तोफेचे फोटो आणतात. मी विचारतो, हौद पाहिलात का?