गांजा : काल परवाना, आज गुन्हा

इंग्रजी अमलात नगर जिल्ह्यात सरकारी परवान्यावर गांजा पिकत असे. त्याच्या करातून सरकारला उत्पन्न मिळे. १८९३ साली चौकशी आयोग नेमला गेला. बेताच्या सेवनाने फारसा अपाय नाही, अति सेवन मात्र घातक, तरी सरसकट बंदी नको, असे त्याचे मत पडले.

१४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा कायदा लागू झाला नि चित्र पालटले. चोरून लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाख रुपयांपर्यंत दंड. आपल्या तुरीत-कपाशीत दुसऱ्याने झाडे लावली अन् आपण जाणूनबुजून गप्प बसलो, तरी शिक्षा आहेच.

आपल्या परभणीकडची अंबाडी पानाने तशीच दिसते. पण ते भाजीचे, वाखाचे पीक, त्याला बंदी नाही. गांजाचे झाड दिसले, तर पोलीस ठाण्यात लगेच कळवा.