अवकाळी पाऊस : अंदाज आणि गावातील नोंद

फाल्गुन-चैत्रात नाशिक, सांगली परिसरात द्राक्षांची काढणी व बेदाणा सुकविण्याचे काम सुरू असते आणि याच काळात अवकाळी पाऊस व गारपिटीचे सावट असते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने राज्यातील रब्बी पिके व फळबागांची मोठी हानी झाली होती.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या अंदाजातील शब्दांना निश्चित अर्थ असतो. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातील जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. वळवाचे ढग मर्यादित क्षेत्रावरच बरसतात. त्यामुळे एका गावात पाऊस झाला नाही, एवढ्यावरून अंदाज चुकला असे ठरत नाही.

पडताळणीसाठी पर्जन्यमापक झाडे व भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी बसवावा आणि रोज सकाळी साडेआठला मोजणी करावी. २४ तासांत किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास तो 'पावसाचा दिवस' मानला जातो. तापमापक हवेशीर सावलीत, सुमारे सव्वा मीटर उंचीवर असावा. उन्हातील आकडा तुलनेस निरुपयोगी ठरतो.

आदल्या दिवशीचा अंदाज व प्रत्यक्ष नोंद वहीत शेजारी-शेजारी लिहावी. काही हंगामांच्या नोंदींवरून, कोणत्या इशाऱ्याला बेदाण्याचे शेड झाकावे, याचा निर्णय अधिक विश्वासाने घेता येतो.