कादंबरीतली यमू आणि जलालपूरची मनकर्णिका



आपल्या स्मरणिकेत पाकक्रिया, प्रवासवर्णने आणि व्रतांची माहिती नेहमीच येते. यंदा मी निराळा विषय घेतला आहे. बारा ते अठरा वर्षांच्या मुलीचे चित्र आपल्या मराठी कादंबरीत कसकसे रंगत गेले, हा तो विषय. मी सातवीपर्यंत शिकलेली, तेव्हा पंडिती चर्चा मला जमणार नाही. पण वाचनाची गोडी आहे, आणि आपल्या गावात 1840 सालापासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. एवढ्या शिदोरीवर लिहिते.

पहिली गोष्ट ही की, जुन्या काळी मुलीला हे वयच नव्हते. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न होई आणि परकरातली पोर एकदम सून होई. त्यामुळे कादंबरीची नायिका म्हणजे बालवधू नाहीतर विधवा. 1857 साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली, ती विधवांच्या हालांवरच. 1890 साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' पत्र काढले आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः छापली. तिच्यातली यमू स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगते. नवऱ्याजवळ मुंबईत तिला चार सुखाचे दिवस लाभतात, मग तो जातो आणि तिचे केशवपन होते. पुढच्याच वर्षी, 1891 साली, संमतिवयाचा कायदा झाला. त्याने वयाची मर्यादा दहावरून बारा केली, आणि तेवढ्यासाठी केवढा गहजब उडाला! अशा दिवसांत हरिभाऊंनी यमूला बोलते केले, हे त्यांचे उपकारच. पण एक झाले. सोसणारी, रडणारी ती चांगली मुलगी, हा साचा तेव्हापासून पक्का बसला.

1929 साली सारडा कायदा झाला व मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले. मुली शाळा-कॉलेजांत दिसू लागल्या आणि नायिकाही बदलली. ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांत ती देखणी, शिकलेली, टेनिस खेळणारी झाली. वाचायला मोठी मौज वाटते. परंतु तिच्या शिक्षणाचा शेवट बहुधा प्रेमातच व्हायचा. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले. लेखिकेने विभावरी शिरूरकर असे टोपणनाव घेतले होते. शिकलेल्या, वय वाढलेल्या अविवाहित मुलींचे मन तिने उघड केले, आणि त्यावर एवढा गदारोळ झाला की टोपणनाव का लागले ते कोणालाही समजावे.

मुलांच्या पुस्तकांत तर निराळीच तऱ्हा. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, असे पराक्रम करणारे बहुतेक मुलगेच. ताम्हनकरांनी 'चिंगी'ही लिहिली, पण गोट्याइतके तिचे नाव झाले नाही. अलीकडे 2004 साली आलेली मिलिंद बोकिलांची 'शाळा' फार सुंदर आहे. तिच्यातली शिरोडकर मात्र आपल्याला दिसते ती नववीतल्या मुकुंदाच्या डोळ्यांनी. तिच्या स्वतःच्या मनात काय होते, ते तिने सांगितलेले नाही.

आता या साच्यांशेजारी आपल्या गावच्या खऱ्या मुली ठेवून पाहा. न्यायमूर्ती रानडे 1878 साली नाशकात बदलून आले, तेव्हा रमाबाई अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. याच गावी त्या पहिल्यांदा सभेत बोलायला उभ्या राहिल्या. भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. पण धीर तर त्यांचाच! दुसरी आपल्या जलालपूरची मनकर्णिका गोखले, म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. जन्म 1868, अकराव्या वर्षी लग्न. वडिलांचे सोवळ्याचे वेड, पुढे विक्षिप्त नवरा, म्हणजे यमूसारखे रडायला कारणे पुष्कळ होती. पण 1934 पासून निघालेल्या 'स्मृतिचित्रां'त ती पोर चुकते, घाबरते, भांडते आणि स्वतःच्या फजितीवर खळखळून हसतेही. अशी मुलगी कादंबरीकारांना का सुचली नाही? मला वाटते, ते मुलीकडे बाहेरून पाहत होते. लक्ष्मीबाई ती स्वतःच होत्या.

हे सारे पुस्तकांपुरते राहिले असते तर मी लिहिले नसते. पण आपणही आपल्या लेकींना त्याच साच्यांतून पाहतो. गप्प बसली तर गुणाची, आरशासमोर दोन घटका उभी राहिली तर 'काहीतरी भानगड आहे', उलट बोलली तर वाया गेली. अशा संशयापायी मुलीची शाळा सुटते आणि घाईने स्थळे पाहिली जातात. 1978 साली लग्नाचे वय अठरा झाले, म्हणजे कायद्याने मुलीला हे वय मिळवून दिले. ते तिला जगू देणे मात्र आपल्या हाती आहे.

म्हणून एक विनंती करते. प्रत्येकीने आपल्या चौदाव्या-पंधराव्या वर्षाची एक आठवण, जशी घडली तशी, दोन पानांत लिहावी आणि घरातल्या मुलीला वाचून दाखवावी. मग तिचीही ऐकावी, मध्ये न बोलता. पुढील वर्षीच्या स्मरणिकेला त्यातूनच पुष्कळ मजकूर मिळेल.